माल उधार देण्याआधी कंपनीची मागची पानं वाचा

गेल्या पावसाळ्यात बेळगावातल्या अनगोळचा एक मशीन शॉपवाला माझ्याकडे आला. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं), एक जुनं ड्रिलिंग मशीन, सात कामगार, आणि डोक्यावर मशीनचे हप्ते. उद्यमबागेत, मच्छेत, होनग्यात असे कितीतरी लोक आहेत, आणि गेली वीस-बावीस वर्षं मी त्यांचेच हिशेब लिहितो. एका फाउंड्रीनं, म्हणजे लोखंड वितळवून कास्टिंग (ओतीव भाग) बनवणाऱ्या कंपनीनं, त्याला काम देऊ केलं होतं. महिन्याला साधारण सहा लाखांचं मशीनिंग (ते भाग कापून-घासून मापात आणायचं काम), पैसे नव्वद दिवसांनी. म्हणजे काम सुरळीत चाललं तरी कायम अठरा लाख त्या कंपनीत अडकलेले राहणार. त्यानं कंपनीचा वार्षिक अहवाल छापून आणला होता आणि एका ओळीखाली पेननं रेघ मारली होती. दीर्घ मुदतीचं कर्ज, दोन कोटी.

"सर, ह्येंच्यावर कर्ज कमी दिसायलंय. काम धरू काय?"

आम्ही तो अहवाल दोन संध्याकाळी बसून वाचला. त्याला जे समजावलं ते इथं लिहितोय, कारण हाच प्रश्न घेऊन दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी येतं. ती कंपनी कोणती हे सांगणार नाही, आणि खालचे आकडेही समजण्यापुरते बदललेले आहेत.

पहिली गोष्ट. ताळेबंदात "दीर्घ मुदतीचं कर्ज" म्हणून दिसतं ते टर्म लोन. मशीन घेतलं, भट्टी बसवली, शेड बांधली, त्याचे पाच-सात वर्षांचे हप्ते. त्यातलेही जे हप्ते येत्या वर्षभरात भरायचे आहेत ते या ओळीत नसतात, ते अल्प मुदतीच्या कर्जात धरतात. फाउंड्रीचा रोजचा श्वास मात्र टर्म लोनवर चालत नाही. तो चालतो कॅश क्रेडिटवर, ज्याला आपण नुसतं सीसी म्हणतो. दोन पानं पुढं गेल्यावर अल्प मुदतीच्या कर्जात हा आकडा सापडला. चार कोटी ऐंशी लाख.

सीसी कशी चालते हे नीट समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण तुमचं बिल वेळेवर निघणार की नाही ते तिथं ठरतं.

बँक कंपनीला एक मर्यादा मंजूर करते, समजा सहा कोटी. पण म्हणून सहा कोटी उचलता येत नाहीत. दर महिन्याला कंपनीनं स्टॉक स्टेटमेंट द्यायचं असतं, म्हणजे पिग आयर्न (कच्चं लोखंड) किती, भंगार किती, तयार कास्टिंग किती, गिऱ्हाइकांकडून किती येणं आहे, आणि पुरवठादारांचं किती देणं आहे. त्यावरून बँक उचल करण्याची ताकद काढते. तिला ड्रॉइंग पॉवर म्हणतात, बँकेत सगळे डीपीच म्हणतात. समजा माल तीन कोटींचा आहे आणि त्यातलं एक कोटी अजून पुरवठादारांना दिलेलं नाही. मग कंपनीचा स्वतःचा माल दोनच कोटींचा. त्यावर पंचवीस टक्के मार्जिन, म्हणजे बँक सुरक्षेसाठी वगळते तो भाग, सोडलं की दीड कोटी उरले. गिऱ्हाइकांकडून नव्वद दिवसांच्या आतलं येणं चार कोटी, त्यावरही पंचवीस टक्के सोडले की तीन कोटी. डीपी साडेचार कोटी. मंजुरी सहा कोटींची असली तरी उचल साडेचारच्या आत राहिली पाहिजे.

आता यातली अडचण बघा. पुरवठादारांचं देणं एक कोटी आहे, पण स्टेटमेंटमध्ये चाळीसच लाख दाखवलं, तर डीपी ४५ लाखांनी वाढते. आणि ही लपवलेली साठ लाखांची थकबाकी कुणाची असते? कोक (भट्टीचा कोळसा) देणाऱ्याची, पॅटर्न (साच्याचा नमुना) बनवणाऱ्याची, मशीनिंगवाल्याची. म्हणजे कंपनी तुमचं बिल न भरता तुमच्याच कामाचं मोल बँकेला दाखवून कर्ज उचलते. सगळ्याच कंपन्या असं करत नाहीत, बहुतेक करत नाहीत. पण जिथं होतं तिथं सगळ्यात आधी लहान जॉबवर्कवाला मरतो, आणि हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. दिवाळीला कामगारांना बोनस द्यायला घरातलं सोनं गहाण टाकलेला माणूस माझ्यासमोर बसलेला आहे.

सुदैवानं आता हे पकडायला एक जागा आहे. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीनमध्ये २०२१ साली दुरुस्ती झाली. चालू मालमत्तेच्या तारणावर कर्ज घेतलेल्या कंपनीनं बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंटं तिच्या वह्यांशी जुळतात का, आणि जुळत नसतील तर फरक किती नि का, हे ताळेबंदाला जोडलेल्या टिपांमध्ये सांगावं लागतं. मंजूर मर्यादा पाच कोटींच्या वर असेल तर लेखापरीक्षकालाही आपल्या अहवालाच्या जोडपत्रात त्यावर लिहावं लागतं. अहवालात हा तक्ता शोधा. चार तिमाह्या, बँकेला दिलेला आकडा, वहीतला आकडा, फरक. फरक दोन-चार टक्क्यांचा आणि कधी इकडचा कधी तिकडचा असेल तर फार मनावर घेऊ नका. चारही तिमाह्यांत माल जास्त आणि देणं कमी असंच दिसत असेल, तर त्या कंपनीला नव्वद दिवसांची उधारी देण्याआधी घरच्यांशी बोला.

आणखी एक. तुमच्या शॉपमध्ये पडून असलेली त्यांची कास्टिंग हासुद्धा त्यांचाच माल, आणि तो बँकेला तारण दिलेला असतो. बँकेचा माणूस तपासणीला तुमच्या दारात येऊ शकतो. आला तर घाबरू नका, पण जेवढी कास्टिंग खरोखर आहेत तेवढीच लिहून द्या. कंपनीचा माणूस "जरा जास्त लिहा" म्हणाला तर अजिबात लिहू नका. उद्या ते कागद तुमच्याच सहीचे असतील.

बोजा

पहाणीवर (जमिनीच्या उताऱ्यावर) बोजा चढवणं म्हणजे काय, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. कंपनीचंही तसंच असतं. कंपनीनं आपली जमीन, यंत्रं, माल किंवा येणी कुणाकडे तारण ठेवली की त्याची नोंद कंपनी निबंधकाकडे तीस दिवसांत करावी लागते. उशीर झाला तर जादा शुल्क भरून थोडी मुदत मिळते, पण नोंदच केली नाही तर कंपनी बुडाल्यावर त्या तारणाला कुणी विचारत नाही. या नोंदी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. कंपनीचं नाव टाकायचं, तारणांची यादी उघडायची. कोणती बँक, किती रकमेचा बोजा, कधी चढला, कधी उतरला, सगळं असतं.

आमच्या कंपनीच्या यादीत तीन बोजे चालू दिसले. दोन तिच्या मुख्य बँकेचे. तिसरा एका वित्त कंपनीचा, आठ महिन्यांपूर्वीचा, वर्कशॉपच्या जागेवर. चांगली चालणारी फाउंड्री बँकेचं स्वस्त कर्ज असताना महागडं कर्ज का काढते? उत्तर वाईटच असेल असं नाही. एखादी मोठी ऑर्डर आली असेल, बँकेची मंजुरी लांबली असेल. पण प्रश्न विचारायला हवा.

बँकेच्या कर्जाला अटीही असतात, आणि त्या टिपांमध्ये थोडक्यात लिहिलेल्या असतात. कर्ज आणि भांडवलाचं प्रमाण अमुक ओलांडायचं नाही, संचालकांनी कंपनीत घातलेले पैसे बँकेच्या परवानगीशिवाय काढायचे नाहीत, नफा वाटायचा नाही. एखादी अट मोडली आणि बँकेनं वेळेत माफी दिली नाही, तर मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या लेखामानकांप्रमाणे ते सगळं दीर्घ मुदतीचं कर्ज एका रात्रीत "लगेच देय" या रकान्यात जाऊ शकतं. कर्जाचा आकडा तोच राहतो, मुदत तेवढी नाहीशी होते.

पैसे न उचलता घेतलेलं कर्ज

इथं मशीन शॉपवाला पहिल्यांदा बुचकळ्यात पडला. बँक कंपनीला दोन तऱ्हांनी मदत करते. एकात पैसे देते. दुसऱ्यात फक्त आपलं नाव देते.

एलसीचं, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटचं, उदाहरण घ्या. परदेशातून किंवा दुसऱ्या राज्यातून कच्चा माल मागवायचा आहे, विकणारा कंपनीला ओळखत नाही. बँक त्याला लिहून देते की बिलं आणि वाहतुकीचे कागद बरोबर आले तर नव्वद दिवसांनी पैसे आम्ही देऊ. नव्वद दिवसांनी कंपनीच्या खात्यात पैसे असले तर गोष्ट तिथंच मिटली. नसले तर बँकेला स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात आणि ती रक्कम कंपनीच्या नावावर कर्ज म्हणून बसते. बँकेतले लोक म्हणतात, एलसी डिव्हॉल्व्ह झाली. ते ऐकलं की शाखा व्यवस्थापकाचा चेहरा बदलतो.

बँक गॅरंटीचंही तसंच. सरकारी खात्याला पंप पुरवायचे आहेत, खातं म्हणतं कामाची हमी द्या. कंपनी थोडी रक्कम मुदत ठेवीत अडकवते आणि बँक पूर्ण रकमेची हमी लिहून देते. काम बिघडलं असं सांगून त्या खात्यानं हमी वटवायला मागितली की बँकेला पैसे द्यावेच लागतात. काम खरंच बिघडलं का, हे बँक तपासत बसत नाही. उघड फसवणूक किंवा कधीच भरून न निघणारं नुकसान असेल तरच न्यायालय त्यात हात घालतं.

नुसतं नाव देण्यातून केवढं देणं उभं राहतं याचं देशभर गाजलेलं उदाहरण २०१८ सालचं आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या एका शाखेतून हिरे व्यापाऱ्यांसाठी परदेशी बँकांना हमीपत्रं गेली आणि ती बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत नोंदलीच गेली नव्हती. बँकेला १३ हजार कोटींहून जास्त रकमेचा फटका बसला. शाखेतून रोख रक्कम बाहेर गेली नव्हती, गेली होती ती हमीपत्रं. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आयातीसाठी दिली जाणारी असली हमीपत्रं बंदच केली.

आमच्या कंपनीच्या टिपांत एलसी आणि गॅरंटी मिळून दोन कोटी दहा लाख निघाले. मशीन शॉपवाल्यानं कागदावर बेरीज मांडायला सुरुवात केली. दोन, अधिक चार ऐंशी, अधिक दोन दहा. मी त्याला थांबवलं. हे आकडे सरळ मिळवायचे नसतात. पहिले दोन आजचं देणं आहेत. तिसरं उद्या काहीतरी चुकलं तर उभं राहणारं आहे. दोन वेगळ्या रांगा करा.

दिलेला शब्द

टिपांमध्ये पुढं एक छोटा भाग असतो, बांधिलकीचा. इंग्रजी अहवालात कमिटमेंट म्हणून येतो. कंपनीनं मशीनची ऑर्डर दिली, थोडी आगाऊ रक्कम दिली, मशीन अजून आलेलं नाही. मशीन आलं नाही म्हणून देणं वहीत नाही, पण शब्द दिलेला आहे. कायद्याप्रमाणे अशा भांडवली करारांची न भागवलेली रक्कम अंदाजानं लिहावी लागते. आमच्या कंपनीनं नव्या भट्टीची ऑर्डर दिली होती, साडेतीन कोटी बाकी. म्हणजे येत्या वर्षात साडेतीन कोटी कुठूनतरी उभे करायचे आहेत. बँकेचं टर्म लोन मंजूर असेल तर ठीक. नसेल तर ते सीसीतून जातील, आणि सीसीतून गेले म्हणजे तुमच्या बिलातून गेले. अल्प मुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या कामाला वापरला का, यावर लेखापरीक्षकाला स्वतंत्र मत द्यावं लागतं. ती ओळ नक्की वाचा. शंभरातले नव्वद लोक वाचत नाहीत.

निर्यात करणाऱ्या फाउंड्र्यांमध्ये एक बांधिलकी हटकून सापडते. परदेशी मशीन सीमाशुल्क न भरता आणायची केंद्राची योजना आहे, ईपीसीजी. वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करायची, हा तिचा सौदा. एक कोटी शुल्क वाचवलं असेल तर सहा कोटींची निर्यात. पुरी झाली नाही तर राहिलेल्या प्रमाणात शुल्क आणि वर व्याज. बाजार मंदावला, परदेशी गिऱ्हाईक तुटलं, की तीन-चार वर्षं गुपचूप बसलेली ही बांधिलकी अचानक जागी होते.

हेस्कॉमचं (इथल्या वीज कंपनीचं) हाय टेन्शन कनेक्शनसुद्धा एक प्रकारचा शब्दच आहे. वापर कमी झाला तरी करार केलेल्या भारावरचा स्थिर आकार बिलात येतोच. भट्टी बंद ठेवली म्हणून बिल शून्य होत नाही. हे टिपांमध्ये लिहिलेलं नसतं, पण फाउंड्रीचे दिवस वाईट आले की हेच आधी टोचतं.

जामीन

आता संभाव्य दायित्वं. मी त्यांना टांगती देणी म्हणतो. हे समजावताना मला आमचे वडील आठवतात.

आम्ही मूळचे येळ्ळूरचे. वडिलांची अडीच एकर भातशेती. शेजारच्यानं ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं आणि वडील जामीन राहिले. सही एका मिनिटाची. कागद इंग्रजीत आणि कन्नडमध्ये, वडिलांना दोन्ही वाचता येत नव्हत्या, आणि समोर बसलेल्या माणसानं मराठीत चार वाक्यं सांगायचीही तसदी घेतली नाही. त्या दिवशी आमच्या घराचं काहीच कमी झालं नाही. पुढची सहा वर्षं नाही. सातव्या वर्षी नोटीस आली, शेजाऱ्याआधी आमच्या घरी. वडिलांना वाटत होतं की आधी ट्रॅक्टर विकतील, मग त्याची जमीन, आणि अगदीच उरलं तर आपल्याकडे येतील. कायदा तसं म्हणत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीएवढीच असते. धनको आधी कुणाकडे जाईल हे त्यानंच ठरवायचं. आमच्या पहाणीवर बोजा चढला आणि तो उतरवायला थोरल्या भावाची तीन वर्षांची कमाई गेली.

सही केल्यापासून नोटीस येईपर्यंतच्या काळात वडिलांची ती जबाबदारी म्हणजे संभाव्य दायित्व. घटना घडून गेलेली आहे, सही झालेली आहे. पैसे द्यावे लागतील की नाही हे पुढच्या कुठल्यातरी गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती गोष्ट आपल्या हातात नाही.

कंपनी अशी जामीन कुणाला राहते? बहुतेक वेळा आपल्याच घरच्यांना. मालकाच्या भावाची दुसरी कंपनी, मुलाचं नवं युनिट, गोव्यातलं हॉटेल. त्यांच्या बँक कर्जाला ही कंपनी हमी देते आणि ते टिपांच्या शेवटी एका ओळीत येतं. आमच्या अहवालात ती ओळ होती. समूहातल्या दुसऱ्या कंपनीच्या कर्जाला हमी, सात कोटी. मशीन शॉपवाल्यानं जो आकडा बघून काम धरायचं ठरवलं होतं तो दोन कोटींचा होता.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या ताळेबंदात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. हंगामाआधी तोडणी आणि वाहतूक ठेकेदारांना उचल लागते. बँक ती ठेकेदाराच्या नावावर कर्ज म्हणून देते आणि कारखाना हमी देतो. टोळी आली नाही, ठेकेदार पैसे घेऊन गायब झाला, की ते कर्ज कारखान्याच्या अंगावर येतं. चिकोडी, अथणी, रायबाग भागातल्या ऊसवाल्यानं हे वाचायला हवं, कारण उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचा नियम असला तरी कारखान्याकडे पैसे उरले पाहिजेत ना.

हमीनंतर येतात वाद. आयकराची मागणी, जीएसटीची नोटीस, कामगार न्यायालयातला दावा, जमिनीचा खटला. कंपनी म्हणते की ही मागणी चुकीची आहे, आम्ही अपिलात आहोत. मग ती रक्कम खर्चात टाकायची की नुसती टिपांमध्ये लिहायची?

हा प्रश्न संपूर्ण विषयाचा गाभा आहे. नियम असा. घडून गेलेल्या गोष्टीमुळे आज देणं आहे, पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त आहे, आणि रकमेचा बऱ्यापैकी अंदाज येतो, असं तिन्ही असेल तर तरतूद करायची. तरतूद म्हणजे तेवढा खर्च आजच दाखवायचा, नफा तेवढा कमी. यातलं काही बसत नसेल, पण शक्यता अगदी नगण्यही नसेल, तर टिपांमध्ये लिहायचं. शक्यता अगदीच दुरापास्त असेल तर लिहायचीही गरज नाही. लहान कंपन्यांसाठी लेखामानक २९ आणि मोठ्या नि शेअर बाजारातल्या कंपन्यांसाठी भारतीय लेखामानक ३७, दोन्हींचं सार हेच आहे.

शक्यता किती, हे ठरवतं कोण? कंपनीच. लेखापरीक्षक तपासतो, वकिलाचं मत घेतलं जातं, पण मूळ निर्णय व्यवस्थापनाचा. म्हणून मी टिपांमधलं "कंपनीच्या मते ही मागणी टिकणार नाही" हे वाक्य वाचलं की थांबतो. मग बघतो की अशीच मागणी गेल्या तीन वर्षांच्या अहवालात होती का, वाढतेय का, आणि अपील कोणत्या पायरीवर आहे. लेखापरीक्षकाच्या जोडपत्रात वादातल्या सरकारी देण्यांचा तक्ता असतो. कोणता कर, किती रक्कम, कोणत्या वर्षाची, कुणापुढे प्रलंबित, हे सगळं त्यात येतं. आणि वाद चालू असला तरी थोडे पैसे आधीच गेलेले असू शकतात, कारण जीएसटीच्या पहिल्या अपिलालाच वादातल्या कराचे दहा टक्के आगाऊ भरावे लागतात.

टांगतं देणं खाली पडलं की काय होतं, हे २०१९ साली अख्ख्या देशानं बघितलं. दूरसंचार कंपन्यांनी सरकारला परवाना शुल्क कोणत्या उत्पन्नावर द्यायचं, यावर पंधरा वर्षांच्या आसपास वाद चालला होता. रकमेचा मोठा भाग वादग्रस्त म्हणून टिपांमध्ये बसलेला. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला. तीन आठवड्यांनी व्होडाफोन आयडियानं एका तिमाहीचा तोटा जाहीर केला, जवळजवळ ५१ हजार कोटी. एअरटेलचा २३ हजार कोटींच्या वर. त्या तीन महिन्यांत कुणाचा मोबाईल बंद पडला नव्हता, गिऱ्हाइकं रातोरात पळाली नव्हती. एक टीप फक्त मागच्या पानावरून पुढच्या पानावर आली.

रांगेत तुमचा नंबर

इतकं वाचून झाल्यावर मशीन शॉपवाल्यानं विचारलं, "आणि बुडालीच तर आमचं काय?"

दिवाळखोरी कायद्यात पैसे वाटपाचा क्रम ठरलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेली बँक आणि कामगारांचा चोवीस महिन्यांचा पगार, मग इतर कर्मचारी, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकार. माल आणि काम उधार देणारा त्याच्याही मागं. तिथवर पैसा पोचणं अवघड. शिवाय या कायद्याखाली अर्ज करायला किमान एक कोटींची थकबाकी लागते, २०२० पासून. अठरा लाखवाल्याला ते दार बंद आहे.

पण लहान उद्योगाला दुसरी दारं आहेत, आणि आपल्या लोकांना ती माहीत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढं जाऊ शकत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. आणि २०२३ च्या वित्त कायद्यानं आणखी एक अट आणली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदी करणाऱ्याला तो खर्च आयकरात पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी दाखवता येतो. यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी) काम सुरू करण्याआधीच करून ठेवा, आणि नोंदणीचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. नंतर केलेल्या नोंदणीवरून वाद होतात. कंपनी अशा उद्योगांचं किती देणं लागते आणि ते किती जुनं आहे, हेही ताळेबंदाच्या टिपांत वेगळं लिहिलेलं असतं. आमच्या अहवालात त्या रकान्यात एक ते दोन वर्षांचं थकलेलं अकरा लाख रुपये देणं होतं. कुणातरी अनगोळवाल्याचं, नाहीतर मच्छेवाल्याचं.

आणि एक हक्क तर दीडशे वर्षं जुना आहे. त्याच करार कायद्याचं कलम १७०. ज्याच्या वस्तूवर तुम्ही आपलं कसब आणि श्रम लावले, त्यानं मजुरी दिली नाही तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून धरायचा हक्क तुम्हाला आहे. कायद्यातच दोन दाखले दिलेत. जवाहिऱ्याला हिरा पैलू पाडायला दिला, तो मजुरी मिळेपर्यंत हिरा ठेवून घेऊ शकतो. शिंप्याला कापड दिलं, पण त्यानं कोट शिवून होताच देण्याचं आणि तीन महिन्यांची उधारी कबूल केली होती, तर त्याला कोट अडवता येत नाही. आपल्या मशीन शॉपवाल्याची नव्वद दिवसांची उधारी म्हणजे तोच शिंप्याचा कोट. उधारी लिहून दिली की हातातला एकमेव तारण माल आपणच सोडून दिला.

हे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

शेवटी त्यानं काम घेतलं. पण कंपनीच्या खरेदी विभागाला तीन गोष्टी लिहून दिल्या. मुदत पंचेचाळीस दिवस. एका वेळी दीडशेच कास्टिंगची लॉट. तिसरी लॉट तयार झाली तरी पहिल्या लॉटचे पैसे जमा झाल्याशिवाय ती गेटबाहेर पडणार नाही. कंपनीनं दहा दिवस उत्तर दिलं नाही. मग फोन आला, पंचेचाळीस चालतील, लॉट दोनशेची करा. त्यानं एकशे साठ सांगितलं, आणि तेवढ्यावर ठरलं.